मागच्या दाराची दोरी

२ जून

पोचले बाई. सगळी हाडं जागेवर आहेत, मोजून घेतली.

खालच्या वस्तीपासून इथवर पायवाट आहे, धडधाकट माणसाला चार तासांची. माझ्या गुडघ्यांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि संप पुकारला. म्हणून मला सामानाच्या पाळण्यातून वर आणलं. पाळणा म्हणजे लोखंडी दोरावरून सरकणारी उघडी पेटी. एरवी तिच्यातून रॉकेलचे डबे आणि पिठाची पोती येतात. जन्मले तेव्हा एकदा पाळण्यात घातलं होतं, त्यानंतर आज. पाळणेवाला म्हणाला, आजी, खाली बघू नका. मी म्हटलं, अरे बाबा, सत्तर वर्षं मान खाली घालूनच काढली, आता एवढ्या उंचावरून तरी बघू दे. त्याला पुढचे दोन दात नाहीत, पण हसण्यात तो कंजुषी करत नाही.

घर डोंगराच्या खांद्यावर आहे. तीन खोल्या, दगडी भिंती, पत्र्याचं छप्पर. पुढे मोकळी जागा, तिच्या टोकाला एक उंच सुळका, त्याच्यापलीकडे एकदम खोल दरी आणि तळाला वस्तीची चाळीस घरं, भाकरीच्या चुऱ्यासारखी सांडलेली. मागे काळा कडा, मान दुखेपर्यंत वर गेलेला.

सूनबाई दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, पोत्यांकडे पाहिलं आणि आधी पोती उतरवून घेतली. हे लिहायला ती तयार नव्हती. मी म्हटलं, खरं आहे ते लिही, उद्या तुझी लेक वाचेल.

कारण वही लेकीचीच, म्हणजे माझ्या नातीची. ती लांब वसतिगृहात शिकते. माझ्या वाटेला अक्षर काही आलं नाही. शाळेच्या वयात माझ्या कडेवर दोन भावंडं होती. नात म्हणाली, आजी, तू बोल, आई लिहील, सुट्टीत आले की मी वाचेन. सूनबाई सरकारसाठी रोज आकडे लिहिते, आता सासूसाठी शब्द लिहील. तेवढाच तिच्या हाताला विसावा.

५ जून

लेकाचं काम आज नीट समजून घेतलं. डोंगराकडे बघत बसायचं आणि त्याचा पगार घ्यायचा. लहानपणीही तो असाच खिडकीतून बघत बसायचा, तेव्हा मी त्याला धपाटे घालत होते. सरकारला गुण आधी दिसला म्हणायचा.

तो सांगतो ते असं. डोंगर बाहेरून अखंड दिसतो, आतून तो ठिकऱ्यांचा असतो. ठिकऱ्यांच्या फटींत हजारो वर्षांचा बर्फ गोठून बसलाय आणि त्यानेच सगळं धरून ठेवलंय. आता उन्हाळे लांबले, आणि तो आतला बर्फ सुटायला लागलाय. मी म्हटलं, कळलं, माझ्यासारखंच, मीही आता मलमावर आणि पट्ट्यांवरच उभी आहे. लेक हसला नाही. तो हल्ली हसतच नाही फारसा. डोळ्यांखाली काळं आलंय. तीन वर्षांत त्याला सुट्टी नाही, बदलीचे तीन अर्ज कुठल्या तरी कपाटात झोपलेत.

भीती आहे ती पुढच्या सुळक्याची. तो सुटला तर खालची वस्ती उरणार नाही. म्हणून सुळक्यात एक खिळा ठोकलाय, एक इथं स्वयंपाकघराच्या भिंतीत, आणि मधे भिंतीच्या भोकातून ओढून घेतलेली तार. तारेजवळ एक पट्टी. सुळका हलला की तार सरकणार. रोज सकाळी आठ वाजता सूनबाई पट्टी वाचते, लेक रजिस्टरात उतरवतो आणि फोनवर साहेबांना सांगतो. तीन वर्षं एकच उत्तर आहे: फरक शून्य.

मी विचारलं, खिळा स्वयंपाकघरात कशाला? तर म्हणाला, पूर्वी तार मागच्या कड्याला बांधलेली होती. आधीच्या माणसाला थंडीत बर्फ उपसत तिथवर जायचा कंटाळा आला, म्हणून त्याने ती घरात घेतली. आता चहा पिता पिता मोजता येतं. माणूस हुशार होता म्हणायचा. सूनबाईलाही ही सोय आवडते, चुलीपाशीच उभी असते ती.

९ जून

मला काम मिळालं. कपडे वाळत घालायचे. मागच्या दाराच्या खांबापासून कड्यातल्या लोखंडी कडीपर्यंत दोरी आहे, पंधराएक पावलं. दोरी इतकी सैल की मोठी चादर टाकली की मातीत लोळते. मी मधोमध काठीचा टेकू दिला. सूनबाईला तीन वर्षांत हे सुचलं नव्हतं. तिला म्हटलं, शिकलेल्या माणसांना काठी दिसत नाही. तिने हेही लिहिलंय, बघा.

दुपारी तीन वाजता कड्यावर ऊन येतं आणि वरून दगड सुटतात. घड्याळ नको. आधी चिमण्या उडाल्यासारखा आवाज, मग एक-दोन टपोरे. घर कड्याच्या पुढे आलेल्या छपरासारख्या खडकाच्या आडोशाला आहे, म्हणून आपल्याला लागत नाहीत, पायवाटेवर जातात.

जेवताना मी विचारलं, एवढी भीती आहे तर खालच्या लोकांना हलवत का नाहीत. दोघं एकमेकांकडे बघायला लागली. मग सूनबाई म्हणाली, हलवलं होतं, आई. दोन वर्षांपूर्वी रात्री सुळक्यातून आवाज आले म्हणून, पट्टी शून्यावर असूनही, यांनी भोंगा वाजवायला लावला. अकरा दिवस वस्ती पुलापलीकडे तंबूत राहिली. गाईंचं दूध काढायला कुणी नाही, पाववालीची भट्टी विझली, एक म्हातारा तंबूत सर्दीने गेला. आणि सुळक्यावरून एक खडा पडला नाही. तेव्हापासून वस्तीत लेकाला नाव पडलंय, अकरादिवस. तो दुकानात गेला की पोरंसुद्धा बोटं मोजतात.

लेक ताटावरून उठला. भात तसाच होता.

१६ जून

या घरात प्रत्येकाची एकेक डागडुजी चाललेली असते. दूध तापवलं की एकाच बाजूने उतू जातं, म्हणून सूनबाईने शेगडीच्या एका पायाखाली पुठ्ठा घातला. मी आले तेव्हा एक होता, आता तीन आहेत. पुढचं दार अडतं, म्हणून लेक रंधा घेऊन त्याची कड तासत असतो. म्हणतो, लाकूड फुगतं. आज पाळणेवाला पाव घेऊन वर आला तो कुरकुरतच. त्याचा लोखंडी दोर सैल पडतोय, खालच्या चक्रावर तो पुन्हा पुन्हा ताणून घेतो. उन्हाने लोखंड लांबतं, म्हणाला. तिघंही दमलेली आहेत. दमलेल्या माणसाला कारण लगेच सापडतं.

पाववालीने माझ्यासाठी वेगळा मऊ पाव पाठवला आणि निरोप दिला की दात नसतील तर दुधात बुडवून खा. मी उलट निरोप धाडला की दात आहेत, चावून दाखवायला खाली येईन.

२४ जून

चादर मातीला लागत नाही.

आधी वाटलं मीच उंच झाले. या वयात तेवढंच राहिलं होतं. मग पाहिलं, टेकूची काठी खाली पडलेली, आणि दोरी तिच्याशिवायच वर. सूनबाई म्हणाली, दोरी थंडीने आखडते. तिने गाठ सोडून चार बोटं सैल दिली. मी म्हटलं, अगं, थंडी कुठंय, घामाने माझी पाठ भिजलीय. ती म्हणाली, आई, मला अजून भांडी घासायची आहेत.

बरोबर आहे. भांडी आधी.

३० जून

दुपारी मागच्या पायरीवर उन्हाला बसते. पायरी संपते तिथून कड्याच्या बुडापर्यंत माती होती, टणक, पाय आपटला तरी खूण उठत नव्हती. आता कड्याच्या अगदी पायाशी एक रेघ आहे. घराच्या लांबीएवढी, त्याहूनही पुढे गेलेली. बोट घातलं, गेलं. आतून गार हवा आली. सकाळी हीच रेघ हवा आत ओढते. मी लोकरीचा धागा धरून पाहिला, सकाळी धागा आत वळतो, दुपारी बाहेर उडतो. झोपलेल्या माणसाच्या नाकाशी धरावा तसा.

वासही येतो. बंद पेटीतल्या ओल्या कपड्यांचा.

लेकाला दाखवलं. त्याने वाकून पाहिलं, म्हणाला, माती वाळली की तडकते. मग आत जाऊन पट्टी वाचली. शून्य.

७ जुलै

रेघेत आता मूठ जाते.

फरशीखाली पाणी वाहतंय. स्वयंपाकघरात कान लावला तर स्पष्ट ऐकू येतं, शेजारणी कुजबुजतात तसं. लेक म्हणतो, खाली बर्फ आहे, पाणी असणार नाही. मी म्हटलं, ये, कान लाव. तो म्हणाला, आई, मी सकाळपासून उभा आहे. मग तो बसला आणि बसल्या बसल्या झोपला. त्याच्या हातातला चहा मी काढून घेतला. कपातला चहासुद्धा एका बाजूला होता.

पाळणेवाल्याने आज चौथ्यांदा दोर ताणला. आता चक्रावर ताणायला जागाच उरली नाही म्हणतो. एक वळसा कापून टाकावा लागेल.

दगड आता तीनची वाट पाहत नाहीत.

१३ जुलै

दोरी तुटली.

मी तिथेच होते. कपडे नव्हते तिच्यावर, वारा नव्हता. तडाड असा आवाज आला आणि अर्धी दोरी माझ्या दंडावर येऊन बसली. वळ उठलाय. सूनबाईने हळद लावली आणि म्हणाली, जुनी झाली होती.

जुनी मीही आहे, मी काही तुटले नाही.

मी पायरीवर बसून राहिले. मग कड्याच्या पायाशी गेले, भेगेत हात घातला, कोपरापर्यंत गेला. आणि मी खोकले तेव्हा तो खोकला आतून परत आला. लगेच नाही. बऱ्याच वेळाने, खूप खालून.

मग मला एकेक दिसायला लागलं. मागची दोरी ताणली जाते. पुढचा लोखंडी दोर सैल पडतो. दूध दरीच्या बाजूला उतू जातं. आणि स्वयंपाकघरातली तार हलत नाही. मला अक्षर येत नाही म्हणून रजिस्टर मी कधी वाचलं नाही. ही दोघं रोज ते वाचतात आणि मग त्यांना दुसरं काही दिसत नाही.

सुळका घरापासून लांब जात नाही, कारण घरही त्याच्याबरोबर चाललंय. अख्खा खांदा चाललाय. दोन माणसं एकाच गाडीत बसली तर त्यांच्यातलं अंतर काय बदलणार?

जेवताना मी हे सांगितलं. लेकाने मला पुरतं बोलू दिलं, मग म्हणाला, आई, तुला यातलं कळत नाही. मोठ्याने नाही बोलला. मोठ्याने बोलला असता तर बरं वाटलं असतं. म्हणाला, दोरी तुटली म्हणून मी चाळीस घरं पुन्हा उठवू? पुन्हा अकरा दिवस?

सूनबाईने ताटं उचलली. हे लिहिताना पेन जोरात दाबतेय.

१४ जुलै

मी लोकरीचे दोन धागे घेतले. एक पुढे बांधला, घर ते सुळका. एक मागे, घर ते कडा. दोन्ही सारखेच ताठ. लेकाला म्हटलं, रजिस्टर राहू दे, आज एक दिवस आईच्या धाग्यांकडे बघ. बघत बसायचाच तर पगार घेतोस.

पुढचा संध्याकाळपर्यंत तसाच होता. मागचा चार वाजता तुटला. त्याच्या देखत.

लेक पायरीवर बसला. मग उठून कड्यापाशी गेला, भेगेत मोजपट्टी घातली, ती बोटांतून निसटली. आम्ही ती कुठं लागते ते ऐकत राहिलो.

लागली नाही.

तो म्हणाला, तीन वर्षं, आई. तीन वर्षं मी गाडीत बसून गाडी मोजली.

मी त्याच्या केसांतून हात फिरवला. एवढा मोठा झाला, अजून तेल लावत नाही.

१५ जुलै

सकाळपासून फोन. साहेब म्हणतात, आकडे पाठवा. लेकाने सांगितलं, आकडेच चुकीचे आहेत. साहेब म्हणाले, मग बरोबर आकडे पाठवा. तिकडे कुणीतरी हसलं, ते मलाही ऐकू आलं. हेलिकॉप्टर मागितलं. ढग उतरलेत, ते उठेपर्यंत येणार नाही.

मग वस्तीत फोन केला. पाळणेवाल्याने भोंगा वाजवला. लोक दाराबाहेर आले, वर पाहिलं, आत गेले. पाववाली म्हणाली म्हणे, अकरादिवसाला सांगा, माझं पीठ भिजलंय.

फोनवरून कुणी उठणार नाही. याला स्वतः जावं लागणार, दारोदार. पाळणा बंद केलाय, वरचा खांब कलंडलाय, दोर चक्रावरून उडतो. पायवाटच उरली, आणि तिच्यावर दगड येतात. दोन दगडांच्या मधे धावत निसटावं लागतं.

लेकाने मला पाठीवर घेतलं. शंभर पावलं गेला असेल. एक दगड पुढ्यात फुटला, तो गुडघ्यावर आला, मी त्याच्या मानेला लोंबकळले. एकट्याला धावता येईल, मला घेऊन नाही. मी म्हटलं, उतरव. नाही म्हणाला. मी त्याचा कान पिळला, लहानपणी पिळायचे तसाच. उतरवलं.

त्याला सांगितलं ते सूनबाई शब्दन् शब्द लिहून घे. खाली चाळीस घरं आहेत. वर एक म्हातारी आहे. तुला हिशेब येतो, मला येत नाही, तरी हा मला जमला. तुम्ही दोघं जा. लोक हलले की ढग उठतील, हेलिकॉप्टर मला नेईल, मी पुन्हा एकदा पाळण्यात बसेन. पण तू पुन्हा वर यायचं नाहीस. माझ्या गळ्याला हात लावून सांग.

त्याने हात लावला. थंड होता हात.

बोलायची दोन यंत्रं आहेत, बटण दाबून बोलायचं. एक माझ्याकडे राहील, एक सूनबाई नेईल. वहीही ती नेतेय. मी वरून बोलेन, ती खाली लिहील. आत्ताच तिने माझ्या पाया पडून घेतलं, मग आठवण होऊन शेगडीखालचा पुठ्ठा नीट केला. वेडी.

१६ जुलै

पोचलात. बरं झालं. दोघंही? बरं.

मी ठीक आहे. चहा केला. तिरका झाला, पण गोड झाला.

इथं आता आवाज फार आहेत. भिंतींत कुणीतरी दात खातंय. छपराचे पत्रे आपोआप वाजतात. मागच्या भेगेतून दुपारी वाफ आली, पायरी अर्धी गेली. मी पुढच्या खोलीत आलेय.

किती घरं उठली? सात? बाकीची काय मुहूर्त बघतायत?

लेकाला सांग, मला भोंग्याच्या कर्ण्यावर जोड. मी बोलते.

(त्यानंतर) — बोलले. काय बोलले ते लिहून ठेव, नातीला आवडेल. म्हटलं, मी अकरादिवसाची आई. त्याने मागे तुम्हाला अकरा दिवस बाहेर बसवलं, चुकला असेल, दमलेलं पोर आहे. आता मी वर बसलेय आणि माझा हात डोंगरात खांद्यापर्यंत जातो. तुम्हाला आकडा हवा ना? हा घ्या आकडा. आणि पाववाले, तुझं पीठ भिजलंय तसं माझं घरही भिजलंय, खालून. पीठ टोपलीत घाल आणि चालायला लाग, पुलापलीकडे भाज. मला दात आहेत, मी मागून घेईन.

१७ जुलै

सकाळ. एकोणतीस म्हणालीस? छान.

पाणी थांबलं फरशीखालचं. एकदम. कुजबुजणाऱ्या बायकांमधे कुणी आलं की थांबतात तसं.

दगड सतत. वाट दिसत नाही, धूळ. स्ट्रेचर घेऊन चौघं येत होते म्हणतेस — परत पाठव त्यांना. पहिल्या वळणापर्यंतसुद्धा नको. ऐकतेस ना.

लेकाला दे यंत्र. — कुठं गेलाय? — बरं. लोकांपाशी. असू दे. जेवला का तो?

दमले ग. इतकी की भीतीसुद्धा वाटायची राहून जाते मधेमधे. मग आवाज येतो आणि वाटते.

दुपार. भिंतीत फट. तिच्यातून मला कडा दिसला — जिथं कपडे वाळत घालायचे ती कडी — लांब गेली. रस्त्याच्या पलीकडच्या घरासारखी.

घर तसंच. तार तशीच, सूनबाई. आत्ता पाहिलं. बोटाने चाचपलं. शून्यच असणार —

१८ जुलै

छत्तीस. अडतीस. हं.

बोलत रहा. माझं बटण अडकतंय.

आतून हवा येते आता सगळीकडून. उबदार. ती आधी गार होती. का उबदार झाली ते लेकाला विचार — नको, नको विचारू.

कुणीतरी खोकलं आत्ता. मी नाही.

१९ जुलै

ढग उठले, सूनबाई. सगळं स्वच्छ. वाट दिसते, पार खालपर्यंत. वस्ती दिसते. धूर नाही एकाही घरातून.

पाववाली गेली? — शेवटची? म्हणजे चाळीसच्या चाळीस. वा. मग आता काय, आता मी मोकळी.

दगड थांबलेत. सकाळपासून एक नाही. बरं वाटत नाही मला हे. सगळं दम धरून बसलंय.

हेलिकॉप्टर निघालं म्हणतेस. किती वेळ? — अर्धा तास. बसते.

लेक कुठंय? पुलापलीकडे. तू पाहिलंस त्याला? — नाही, पाहिलंस का विचारते. की तो सांगून गेला? — कधी? — पहाटे? —

सूनबाई, वाटेवर कुणीतरी आहे.

दुसऱ्या वळणाच्या वर. पिवळं जाकीट. पाठीला खुर्ची बांधलीय — एकटाच — धावतोय —

घर हललं.

त्याच्याकडे यंत्र नाही ना. मी खिडकीतून हात करतेय, मागे जा, मागे — त्याने पाहिलं. त्यानेही हात केला. अगं, त्याला वाटलं मी बोलावतेय — जोरात धावायला लागला — सूनबाई, लिहू नकोस आता, भोंगा वाजव, भों